कानातला आवाज घेऊन मंद्रूपला

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या चिपळुणात लोक आधी चादरींबद्दल विचारतात. चादर मी आणली नाही. शेंगांची चटणी आणली, ती माझ्या यजमानांनी, म्हणजे विनायकरावांनी, आठवड्याच्या आत संपवली. मी गेले होते ते कानासाठी.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मला जोराचा ताप आला होता. ताप गेला, पण दोन्ही कानांत एक बारीक, न थांबणारा आवाज मागे राहिला. रातकिड्यांसारखा म्हणावा तर रातकिडे निदान उजाडल्यावर गप्प होतात. कानाच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. पडदे शाबूत होते, ऐकणंही वयाच्या मानानं ठीक होतं. "असा आवाज पुष्कळांना असतो, सवय होईल," असं ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. पण सवय करायची कशी हे त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. काही मुलं अगदी हळू बोलतात, त्यांचं बोलणं त्या आवाजाखाली बुडून जाऊ लागलं. झोप तुटक झाली. घरी विनायकराव माझ्याशी मोठ्यानं बोलू लागले आणि त्यावरून आमची भांडणं होऊ लागली, कारण मी बहिरी झाले नव्हते. दिवाळीनंतर मी मनाशी ठरवून टाकलं की मुदतीआधीच निवृत्ती घ्यायची. तेवढ्यात शाळेतल्या एका मैत्रिणीनं तिच्या नणंदेला गुण आलेल्या वैद्य बाईंचं नाव सांगितलं. त्या सोलापूरच्या दक्षिणेला मंद्रूप नावाच्या मोठ्या गावात असतात आणि दोन आठवडे तिथंच राहावं लागतं, असं कळलं. विनायकराव म्हणाले, "कानात तेल घालायला एवढ्या लांब जायचं?" पण जानेवारीत रजा मिळाली तेव्हा गाडी त्यांनीच बाहेर काढली.

चिपळूण ते मंद्रूप

कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड मागे टाकलं की झाडं हळूहळू पांगतात. सांगोल्यानंतर तर नजर अडेल असं काही उरत नाही. मंगळवेढ्याच्या आसपास काळीभोर जमीन आणि तिच्यावर कमरेच्या वर गेलेली ज्वारी, एका बांधापासून क्षितिजापर्यंत. आमच्याकडे शेत म्हणजे डोंगराच्या कुशीतला एखादा तुकडा. एवढं शेत एकदम बघायची डोळ्यांना सवय नव्हती. वाटेत एका झोपडीवजा हॉटेलात हुरडा मिळाला. गरम, कोवळे, गोडसर दाणे आणि बरोबर लसणाची तिखट चटणी. विनायकरावांचा राग तिथंच निम्मा ओसरला.

मंद्रूपला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बऱ्याच जुन्या घरांवर मातीचं सपाट धाबं होतं. आमच्या छपरांचं सगळं आयुष्य पाऊस उतरवण्यात जातं; इथं छपरावर मिरच्या वाळत होत्या. दवाखाना गावाच्या कडेला होता. पुढे तपासणीची खोली, मागे उपचाराची, आणि अंगणापलीकडे रुग्णांना राहायला दोन खोल्या. वैद्य बाईंचं नाव अनसूयाताई. माहेर सोलापूर शहरातल्या तेलुगू विणकर घरातलं. आम्ही आत गेलो तेव्हा त्या फोनवर वडिलांना तेलुगूतून काहीतरी दटावत होत्या. फोन ठेवून त्यांनी माझ्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यात दटावणीचा लवलेश नव्हता.

त्यांनी आधी माझे चिपळूणचे सगळे कागद पाहिले, मग कान पाहिले, मग पुष्कळ प्रश्न विचारले. त्यातले कानाबद्दलचे थोडेच होते. मी जेवते कधी, उपास किती करते, पोट साफ होतं का, झोपताना दात आवळते का. मग म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात ह्याला कर्णनाद म्हणतात. कान हे वाताचं ठिकाण. ताप, जागरण, उपास, काळजी, ह्या सगळ्यांनी वात वाढतो. तो शांत करायचा प्रयत्न आपण करू. पण आवाज जाईलच असं मी सांगणार नाही. झोप येईल आणि आवाजाचा त्रास कमी होईल, एवढी आशा धरू."

"आवाज राहून त्रास कमी कसा होईल?" विनायकरावांनी विचारलं.

"माझं माहेर यंत्रमागांच्या गल्लीत आहे," त्या म्हणाल्या. "दिवसरात्र खटखट. आम्ही भावंडं तिथंच अभ्यास केला, तिथंच झोपलो. पाहुणे यायचे ते डोकं धरून बसायचे. आम्हाला माग चालू आहेत हे ते बंद पडल्यावर कळायचं. ह्यांच्या मेंदूला अजून हा आवाज पाहुण्यासारखा ऐकू येतोय. तो घरच्यासारखा ऐकू यायला हवा."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मला सवय म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

मंद्रूप, पहिले दिवस

उपचार करणाऱ्या बाई सिद्धव्वा. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या. सकाळी अंगाला कोमट तेल, मग वाफ. त्यानंतर एका कुशीवर झोपवून त्या वरच्या कानात कोमट तेल भरायच्या आणि कानामागची जागा अंगठ्यानं हलकेच चोळायच्या. ह्याला कर्णपूरण म्हणतात. तेल कानात उतरतं तेव्हा तळ्यात डोकं बुडवल्यासारखं वाटतं. बाहेरचं सगळं लांब जातं आणि आतला आवाज एकदम जवळ येतो. पहिल्या दिवशी मी घाबरून उठायलाच गेले. तेल उशीवर, मानेवर, साडीवर सांडलं.

"अय्यो अक्का," सिद्धव्वा शांतपणे म्हणाल्या, "पळून कुटं जाताव? कान तर संगंच येनार की."

मी हसले आणि पुन्हा आडवी झाले.

दुपारी पाठीवर झोपवून कपाळावर तेलाची धार. संध्याकाळी तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं. रोजचं पथ्य म्हणजे गरम, मऊ, तूप घातलेलं जेवण. शिळं, कोरडं, गार काही नाही, आणि उपास तर मुळीच नाही. इथली कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. विनायकराव ती शेंगांच्या चटणीशी कुरकुर वाजवत खात बसायचे आणि मी समोर मऊ भाकरी दुधात कुस्करून तुपाबरोबर खायची. त्यांना माझ्यासमोर खायला लाज वाटायची, पण ते खाणं थांबवत नव्हते.

माझी समजूत अशी होती की गावाकडच्या शांततेत कान निवतील. झालं उलटंच. दुपारी सगळं मंद्रूप आडवं झालं की खोलीत इतकं निवांत व्हायचं की कानातल्या आवाजाखेरीज काही उरायचं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी मी अनसूयाताईंना सांगून टाकलं की मला घरी जायचंय.

त्यांनी आग्रह केला नाही. स्वतःच्या घरातून एक जुना टेबलफॅन आणला, भिंतीकडे तोंड करून लावला आणि म्हणाल्या, "अगदी शांत खोलीत बसू नका. हा चालू ठेवा, नाहीतर रेडिओ बारीक लावा. आणि उद्या बाजार आहे, तिकडे जाऊन या. मग घरी जायचं का ते ठरवा."

बाजारात गेले आणि तिथं मला माझा आवाज सापडेना. ज्वारीची पोती, मिरच्यांचे ढीग, बोरं, कोंबड्या, कन्नडातून सुरू होऊन मराठीत संपणारी घासाघीस. बोरं विकणाऱ्या एका म्हातारीनं माझ्या तळहातावर दोन बोरं ठेवली. "खाऊन बगा की बाई. गोड न्हाय लागली तर घिऊ नगा." मी उभ्या उभ्या बोरं खात राहिले. आमच्या बाजारात मासे निवडताना मी कधी घाईशिवाय उभी राहिलेली नाही. तिथं मात्र कितीतरी वेळ उगाचच उभी होते. परत आल्यावर राहायचं ठरवलं.

लक्ष्मी

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी तेल लावून घ्यायला निघाले होते, तर तपासणीच्या खोलीतून बोलणं चढल्याचं ऐकू आलं. एक तिशीच्या आतली बाई बाकावर बसली होती, उजवा कान तळहातानं झाकून. नाव लक्ष्मी. शेजारी तिची सासू उभी होती. माणसं मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणारी. खतासाठी कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायला म्हणून त्यांचा तळ मंद्रूपजवळ पडला होता.

"परवा सकाळी उठली, तवापासनं उजव्या कानात कुकराच्या शिट्टीवानी वाजतंय," लक्ष्मी सांगत होती. "आन् त्या कानानं काय बी ऐकू येत न्हाय. मेंढरू वरडलं तर कुटनं वरडलं तेच कळंना झालंय. काल एक कोकरू माज्या पाठीमागं होतं आन् मी पुढं हुडकत गेली."

"तेल घाला की बाई," सासू म्हणाली. "लोकं कुटनं कुटनं येत्यात तुमच्याकडं तेलाला."

अनसूयाताईंनी कान बघून झाला होता. "आत मळ नाही, पडदा चांगला आहे. आणि एका रात्रीत एका कानाचं ऐकणं गेलंय. मावशी, हे तेलाचं काम नाही. हिला आजच्या आज सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं न्यायला पाहिजे. ह्याच्यावर गोळ्या असतात, पण त्या लवकर सुरू व्हाव्या लागतात."

"आज कसं जमंल? गडी मेंढरामागं गेल्यात. बाजार झाल्यावर जाऊ की. तवर तेल घाला."

"मावशी, तेल घालायला मला कितीसा वेळ लागतोय? पण बाजार होईपर्यंत कान हातचा जाईल."

सासू जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर हट्टापेक्षा भीती जास्त होती. शहर, मोठा दवाखाना, आणि बरोबर माहितगार माणूस कुणी नाही. अनसूयाताईंनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "तुमची गाडी आहे ना?"

विनायकराव अंगणात भाकरी खात होते. मी सांगितलं. त्यांनी काही न विचारता हात धुतले.

सोलापूर शहर

लक्ष्मीला पुढे बसवलं, मी आणि सासू मागे. विनायकरावांनी तिचा जीव रमावा म्हणून बोलायला सुरुवात केली. मेंढरं किती, चारा मिळतो का, मुलं किती. लक्ष्मी डावीकडच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"अगं, सायेब बोलत्यात की!" सासू मागून म्हणाली.

लक्ष्मी दचकून वळली. "मला म्हनलं व्हय? ऐकूच आलं न्हाय ओ."

तिचा गेलेला कान विनायकरावांच्या बाजूला होता. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, तिला मागे उजव्या दाराशी बसवलं, म्हणजे तिचा चांगला कान आमच्याकडे राहील. मला पुढे बोलावलं. त्यानंतर शहरापर्यंत ते माझ्याशीही हळू बोलले. गेल्या कित्येक महिन्यांत ते माझ्याशी असं साध्या आवाजात बोलले नव्हते.

अनसूयाताईंनी फोन करून ठेवला होता, तरी दवाखान्यात खूप वेळ बसावं लागलं. ऐकण्याची तपासणी एका लहानशा बंद खोलीत होते. कानांवर यंत्र लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून लक्ष्मी दिसत होती. डाव्या कानाची पाळी होती तेव्हा ती भराभर दाबत होती. उजव्या कानाची आली तेव्हा तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला. ती आमच्याकडे बघत होती, आता दाबू का, असं विचारल्यासारखी. सासूनं माझा हात धरला. तिचा तळवा खडबडीत होता.

"माज्यामुळंच झालं म्हनायचं," ती म्हणाली. "पयल्या दिशीच म्हनली हुती ही. मी म्हनलं, गार वारं लागलं आसंल, फडकं बांद."

"मावशी, हे कुणाला कळतं हो? मलाही कळलं नसतं."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सांगितलं की आतली नस अचानक काम करीनाशी झाली आहे, कारण नेहमी सापडत नाही. काहींचं ऐकणं परत येतं, काहींचं थोडं येतं, काहींचं येत नाही. "पण लवकर आलात हे फार चांगलं झालं. कुणी पाठवलं?"

"मंद्रूपच्या डाक्टरीन बाईनं," सासूनं सांगितलं. "तेल घाला म्हनलं तर घालीना झाल्या."

डॉक्टर हसले नाहीत. "बरं केलं त्यांनी," एवढंच म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर आलो तेव्हा सगळ्यांना भूक लागली होती. एका खानावळीत आम्ही चौघं जेवलो. मी पथ्य मोडून शेंगांची आमटी खाल्ली. लक्ष्मी अर्ध्या भाकरीवर थांबली आणि तिनं मला विचारलं, "तुमाला बी वाजतंय म्हनं कानात. कसं वाजतंय?"

मी तिला सांगितलं. तिनं मला तिची शिट्टी तोंडानं वाजवून दाखवली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग मी माझा आवाज काढून दाखवला. आजवर मी तो कुणालाच काढून दाखवला नव्हता. विनायकराव घास हातात धरून ऐकत होते.

"हा असा?" त्यांनी विचारलं. "दिवसभर?"

"दिवसभर."

"मला वाटलं होतं, अधूनमधून येत असेल."

माझ्या ताटातली संपलेली भाजी त्यांनी पुन्हा मागवली.

परतीच्या वाटेवर, मंगळवेढा

दोन आठवडे संपले तेव्हा माझ्या कानातला आवाज गेलेला नव्हता. तो थोडा बारीक झाला होता की मीच त्याच्याकडे कमी बघत होते, हे मला नक्की सांगता येणार नाही. झोप मात्र लागत होती. तेलानं, की काशाच्या वाटीनं, की पंख्याच्या घरघरीनं, की कुणीतरी नीट ऐकून घेतल्यानं, हेही मी वेगळं काढू शकत नाही. अनसूयाताईंना तसं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वेगळं काढायची गरजही नाही. झोपा." सिद्धव्वांनी निघताना माझ्या कानांत कापसाचे बोळे घालून दिले आणि प्रवासात गार वारं घ्यायचं नाही म्हणून बजावलं.

लक्ष्मीला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, म्हणून ती मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवर घरी आली होती. वाटेत आम्ही तिच्याकडे थांबलो. ज्वारीच्या रानात दोन खणांचं घर, दारात बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला वाडगा, त्यात कोकरं. सासूनं घोंगडं अंथरलं, चहा ठेवला. शिट्टी थोडी उतरली होती, पण ऐकणं अजून आलं नव्हतं. लक्ष्मी आमच्याकडे डावा कान करून बसली होती आणि चेहऱ्यानं वाळली होती.

"गोळ्या संपत आल्या," ती म्हणाली. "यायचं असतं तर एव्हाना आलं असतं की."

सगळं नीट होईल असं सांगणं जमलं नाही. मी तिला माझा नंबर दिला आणि म्हटलं, "आलं किंवा नाही आलं, तरी फोन कर. काही झालं नसलं तरी कर."

निघताना सासूनं विनायकरावांच्या हातात हुरड्याची पिशवी दिली. कुंपणातली कोकरं ओरडत होती आणि लक्ष्मी त्यांच्याकडे न बघता आमच्या गाडीकडे बघत उभी होती. घाट उतरेपर्यंत आम्ही दोघं तिच्याबद्दलच बोलत होतो. चिपळूण आल्यावर विनायकरावांनी विचारलं, "शाळेचं काय ठरवलंस?"

"सोमवारी जाते," मी म्हटलं.

वर्गात मी आता फिरत शिकवते. हळू बोलणाऱ्या मुलाजवळ जाऊन वाकते. कानातला आवाज आहे. काही दिवस तो फार असतो, त्या दिवशी घरी येऊन मी पायांना तूप चोळते आणि लवकर झोपते. विनायकराव स्वयंपाकघरातून ओरडत नाहीत, खोलीत येऊन बोलतात.

फेब्रुवारी संपत आला असताना मधल्या सुट्टीत अनोळखी नंबरावरून फोन आला.

"बाई, मी लक्ष्मी बोलती. मंगळवेड्याची."

"कशी आहेस गं?"

"बरी हाय. आवाज तुमचा डब्यातनं आल्यावानी येतोय."

"रेंज नसेल तिकडे."

"रेंज हाय," ती म्हणाली. "फोन उजव्या कानाला लावलाय."

पलीकडून तिच्या सासूचा आवाज आला, "अगं, डाव्या कानाला लाव की, नीट ऐकू यील."

"असू द्या, आत्या," लक्ष्मी म्हणाली. "ह्याच कानानं बोलती मी. बोला बाई, तुमी बोला."